संवाद सहाय्यक नावाचं पद

संस्थेचा इतिहास लिहायचा तर नोंदणीच्या तारखेपासून सुरुवात करायची, असा स्मरणिकांचा रिवाज आहे. 'स्वयं शिक्षण प्रयोग'ची स्वतंत्र संस्था म्हणून नोंदणी झाली १९९८ मध्ये. पण तिथून सुरुवात केली तर आधीची चार वर्षं हातातून निसटतात, आणि माझ्या मते या संस्थेची सगळी कमाई त्या चार वर्षांतली आहे. पुढं जे झालं ते त्या कमाईवरचं व्याज. म्हणून सुरुवात माळवदापासून करतो.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. दोन-दोन, तीन-तीन फूट जाड दगडमातीच्या भिंती, त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर पांढरी माती टाकायची, चोपायची, म्हणजे गळत नाही. दरवर्षी थोडी माती वाढायची, ती काढायचं मात्र कुणाच्या मनात यायचं नाही. आजोबांच्या काळापासूनच्या छतावर किती टन ओझं साठलंय याचा हिशोब कोण करणार? घर उन्हाळ्यात थंडगार, हिवाळ्यात ऊबदार, आणि भिंत जितकी जाड तितकी घराण्याची प्रतिष्ठा मोठी. त्या भिंतीची गोम आत होती. बाहेरचा दगडांचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये चिखल आणि बारीक दगडांची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच घातलेला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, तेव्हा ह्याच भिंती आतल्या बाजूला फुटून कोसळल्या आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती पोचवून लोक उशिरा अंथरुणाला पाठ टेकलेले. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी ही नावं महाराष्ट्राला त्या सकाळी रेडिओवरून कळली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंपमापनाच्या भाषेत धक्का मध्यमच म्हणावा असा, सहाच्या थोडा वर. माणसं मारली ती घरांनी.

यानंतरचं मदतकार्य, पुढाऱ्यांचे दौरे, ट्रकांच्या रांगा हे सगळं अन्यत्र भरपूर लिहून झालंय. आपल्या गोष्टीला कामाचं आहे ते जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारने आखलेल्या पुनर्वसन कार्यक्रमाचं एक अंग. पूर्ण उद्ध्वस्त झालेली बावन्न गावं नव्या जागी वसवायची ठरली. तिथं कंत्राटदार, देणगीदार संस्था, उद्घाटनं असं सगळं होतं, त्यामुळे वर्तमानपत्रांचं लक्षही तिकडंच होतं. पण तडे गेलेली, एखादी भिंत बसलेली, तरी अजून उभी असलेली घरं शेकडो गावांत पसरली होती आणि त्यांची संख्या दोन लाखांच्या आसपास होती. ती घरमालकांनीच दुरुस्त आणि मजबूत करायची, सरकारने पैसा हप्त्याहप्त्याने द्यायचा, अभियंत्याने तपासणी करायची, असं धोरण ठरलं. कागदावर हे फारच शहाणपणाचं होतं. गावात मात्र गाडं अडलं.

कशामुळं अडलं? एक तर लोकांना दगडाचीच भीती बसली होती. ज्याने आई-बाप गाडले, त्या दगडाच्या घरात पुन्हा झोपा, थोडी मजबुती केली की झालं, हे कुणाला पटणार? प्रत्येकाला सिमेंटचं नवं घर हवं होतं. दुसरं असं, की हप्ता कुणाला मिळतो, किती मिळतो, पुढचा कशावर अवलंबून असतो, याची धड माहिती कुणालाच नव्हती. कनिष्ठ अभियंता यायचा तो पारावर पुरुषांशी बोलून जायचा. आणि ज्या घराची दुरुस्ती करायची त्या घरात दिवसभर कोण असतं? बाई. भिंत कुठं ओलसर राहते, कुठल्या कोपऱ्यात घुशीने पोखरलंय, कुठली तुळई किडलीय, हे तिला ठाऊक. तिला विचारायला कुणी आलं नाही.

इथं प्रेमा गोपालन आणि त्यांचे सहकारी आले. त्या मुंबईतल्या 'स्पार्क' या संस्थेच्या संस्थापकांपैकी. १९८४ पासून 'स्पार्क' भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांबरोबर काम करत होती. तिथला धडा साधा होता. फुटपाथवरच्या बाईला घराबद्दल कुणी तज्ज्ञाने शिकवण्यापेक्षा दुसऱ्या फुटपाथवरच्या बाईने दाखवलेलं लवकर कळतं. झोपड्या मोजायच्या त्यांनीच, बचत गोळा करायची त्यांनीच, घराचा आराखडाही साडीच्या लांबीने मोजत त्यांनीच मांडायचा. 'स्वयं शिक्षण प्रयोग' हे नाव 'स्पार्क'च्या पोटात, भूकंपाच्या आधीच जन्मलं होतं. त्याला खरं गाव मिळालं ते लातूर-उस्मानाबादेत.

१९९४ ते १९९८ या काळात सरकारचा लोकसहभाग सल्लागार म्हणून संस्थेने दुरुस्तीच्या गावांत काम केलं, तेराशेच्या आसपास गावांत. 'सल्लागार' म्हटलं की इस्त्रीच्या शर्टातला, फाइल घेतलेला माणूस डोळ्यापुढं येतो. या सल्लागाराने सरकारला सल्ला दिला तो असा, की प्रत्येक गावात महिला मंडळातल्या एका बाईला सरकार आणि गाव यांच्यामध्ये उभं करा. त्या पदाला नाव मिळालं 'संवाद सहाय्यक'.

नाव किती सरकारी आहे बघा! पण त्यात एक गोष्ट अचूक होती. ती 'लाभार्थी' नव्हती. मराठवाड्याच्या खेड्यात बाईला सरकारी कागदावर तोवर दोनच जागा ठाऊक होत्या, लाभार्थी किंवा मयताची वारस. भूकंपाच्याच वर्षी, १९९३ च्या एप्रिलमध्ये, पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती लागू झाली होती, १९९४ मध्ये राज्याचं पहिलं महिला धोरण आलं; पण कायदा गावात पोचायला वेळ लागतो. संवाद सहाय्यक हातात वही घेऊन दुसऱ्याच्या दारात उभी राहू लागली, आणि दार उघडणाऱ्याला तिच्याकडून माहिती हवी होती. हा फरक लहान वाटेल. सासरच्या गल्लीतून डोईवरचा पदर सावरत, खाली बघत जाणारी बाई आठवून पाहा, मग कळेल.

ती करायची काय? घराघरांतून फिरून कोणत्या घराची नोंद कोणत्या वर्गात झालीय हे सांगायची. ग्रामसभेला बायका जमवायची. अभियंता आला की पारावरून त्याला उठवून घरात न्यायची. मुख्य म्हणजे भिंतीपाशी उभी राहायची. जुनी दगडी भिंत मजबूत करायची एक युक्ती होती. ठरावीक अंतरावर भिंतीला आरपार भोक पाडायचं, त्यात वाकवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना धरून राहतात. कोपऱ्यांना जाळी मारून वरून गिलावा करायचा. माळवदावरची पिढ्यान्‌पिढ्यांची माती उतरवून ओझं कमी करायचं. गवंड्याला ही भोकं म्हणजे फुकटची डोकेदुखी. दहाच्या जागी सहा पाडली तर बाहेरून कुणाला कळणार? गिलाव्याखाली सगळं झाकलं जातं. म्हणून गिलावा व्हायच्या आत मोजायला हवं, आणि मोजायला अशी माणसं हवीत जी दिवसभर तिथंच असतात, गवंड्याला चहाही देतात आणि भोकंही मोजतात. बायकांनी हे चोख केलं. काहींनी पुढं गवंडीकामही शिकून घेतलं.

घर नवऱ्याच्या नावावर, हप्ता त्याच्या खात्यावर, पण भिंत बरोबर झाली की नाही याचा निकाल तिच्या तोंडी. या विसंगतीतच संस्थेची पुढची तीस वर्षं गेली. ती पूर्ण सुटली आहे असं मला वाटत नाही.

१९९८ मध्ये प्रकल्प संपला. प्रकल्प संपला की संस्था तंबू गुंडाळते आणि गावातल्या बायका पुन्हा चुलीपाशी जातात, असा आपल्याकडचा शिरस्ता. इथं संस्थेने नोंदणी केली आणि बायकांनी बचत सुरू केली. बचतगटांचा इतिहास आता महाराष्ट्रात इतका परिचित आहे की तो पुन्हा उगाळत नाही. एवढंच, की या गटांची सुरुवात कर्जाच्या गरजेतून नव्हे तर घरांच्या कामातून जमलेल्या ओळखीतून झाली, त्यामुळे त्यांच्या बैठकीत हप्त्याखेरीज पाणी, रेशन, दवाखाना, शाळा असे विषय पहिल्यापासून येत राहिले. गटांचे संघ झाले, गटांतल्या बायकांसाठी 'सखी' हा शब्द रुळला.

मग २६ जानेवारी २००१. कच्छ हादरलं. लातूरच्या बायका तिकडं गेल्या. ज्यांनी उमरगा तालुक्यापलीकडचं जग फारसं पाहिलं नव्हतं अशा बायका, गुजराती येत नसताना, तंबूंत राहणाऱ्या बायकांसमोर जाऊन बसल्या. बोलायला भाषा कमी पडली की मातीत रेघोट्या ओढून भिंत दाखवायची. मदत घेऊन येणाऱ्या शंभर संस्थांपेक्षा 'आमचंही असंच पडलं होतं, आणि आम्ही असं उभं केलं' म्हणणारी बाई वेगळी ठरते. लातूरच्या बायकांच्याही पदरात काही पडलं. कच्छचं 'भुंगा' म्हणतात ते गोल घर भूकंपात तुलनेने टिकलं होतं. आपलं जाड भिंतीचं चौकोनी घर पडतं आणि यांचं गोल, हलकं घर उभं राहतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मला ही देवाणघेवाण संस्थेच्या सगळ्या अहवालांपेक्षा मोलाची वाटते. १९९९ च्या भूकंपातून सावरणाऱ्या तुर्कस्तानातल्या बायकांशीही अशाच गाठीभेटी झाल्या. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर लातूर-कच्छचा अनुभव तमिळनाडूच्या किनाऱ्यावर नागपट्टिनम-कडलूरपर्यंत गेला, पुढं बिहारच्या पूरग्रस्त भागात, केरळात. संवाद सहाय्यक हे पद सरकारदरबारी केव्हाच संपलं होतं. बायका मात्र ते बरोबर घेऊन फिरत होत्या.

मधल्या दशकाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथं माझं मत संस्थेतल्या काही जणांना रुचणार नाही. गावातल्या बायका उद्योजक व्हाव्यात म्हणून संस्थेने वितरणाचं जाळं उभारलं. धूर कमी करणाऱ्या चुली, सौरदिवे, घरोघरी लागणाऱ्या वस्तू सख्यांमार्फत गावोगाव पोचू लागल्या. एका मोठ्या कंपनीच्या चुलीचं उदाहरण बोलकं आहे. चूल चांगली होती, धूर खरोखर कमी व्हायचा. पण तिला लागणाऱ्या इंधनाच्या कांड्या बाहेरून विकत आणाव्या लागत. कांड्यांचा भाव चढला, पुरवठा आटला, आणि अनेक घरांत ती चूल फडताळावर जाऊन बसली. बाईने पुन्हा तुरीच्या काटक्या पेटवल्या. कितीतरी बायकांना या व्यवसायांतून पैसा मिळाला, हिशोब कळला, एसटीने एकटीने तालुक्याला जायची सवय झाली, हे मी नाकारत नाही. पण या काळात बाई दुसऱ्याचा माल विकत होती, दुसऱ्याची भिंत तपासत नव्हती. विचारण्याचा अधिकार तिच्या हातून जरा सुटला होता.

तो परत आला दुष्काळात.

२०१२ पासून मराठवाड्याने एकामागून एक कोरडी वर्षं पाहिली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे लातूरला पाणी घेऊन आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली. भूकंपाचं एक बरं असतं, क्रूर वाटेल तरी म्हणतो, तो येतो आणि जातो. दुष्काळ घरात येऊन बसतो. तो कुणाचं छत पाडत नाही, म्हणून त्याच्यासाठी ट्रकांच्या रांगा लागत नाहीत. आणि तो एकट्या पावसाने ठरत नाही. सोयाबीन आणि ऊस लावायचा निर्णय घराघरांत झालेला असतो. सगळी जमीन बाजाराच्या पिकाखाली, आणि डाळ, भाजी, कधीकधी ज्वारीसुद्धा विकत. पीक गेलं की पैसाही जातो आणि ताटही रिकामं होतं. मग कोण आधी उपाशी झोपतं, हे सांगायला अभ्यासाची गरज नाही.

संस्थेने बायकांबरोबर बसून काढलेला तोडगा एका वाक्यात मावतो. घरच्या जमिनीतला अर्धा किंवा एक एकर बाईला द्या, त्यात काय पेरायचं ते ती ठरवेल. मालकी मागितली नाही, निर्णय मागितला. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकोच्या नावे जमीन करा म्हणून सांगितलं होतं, त्या मानाने ही मागणी बरीच मवाळ. पण मवाळ असल्यामुळेच ती स्वयंपाकघरात, जेवण वाढतानाही मांडता आली. मिळालेला एकर बहुतेक ठिकाणी बांधाकडचा, मुरमाड, घरच्या पुरुषांनी सोडून दिलेला. चालेल म्हणाल्या.

असा एक एकर जवळून पाहावा. एकाच शिवारात तूर, तिच्या पट्ट्यांत मूग आणि उडीद, कडेला बाजरीच्या ओळी, मध्ये तीळ. विहिरीच्या किंवा न्हाणीच्या पाण्यावर मेथी, पालक, गवार, वांगी, बांधावर दोडक्याचे वेल. रब्बीला ज्वारी, हरभरा, करडई, जवस. पेरणीआधी घरच्या बियाण्याची परीक्षा होते. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, वर दुसरं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. काही दिवसांनी उलगडून मोजायचे. सोयाबीनचे सत्तर उगवले तर बियाणं पेरण्याजोगं. कमी आले तर एकरी बी वाढवायचं किंवा दुसरीकडून घ्यायचं. दुकानात पिशवीमागे जाणारे पैसे वाचतात. खताला जीवामृत. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधाखालची मूठभर माती पिंपात कालवायची, घड्याळाच्या दिशेने ढवळायची. किडीला दशपर्णी. त्याचा वास असा, की करणारी बाई दोन दिवस लांबून ओळखू यावी! शेळ्या, कोंबड्या, गांडूळखताचा हौद हे या एकराचेच सोबती.

एक पीक गेलं तरी दुसरं हाताशी राहतं, आणि ते आधी घरात येतं, मग बाजारात. २०२० मध्ये टाळेबंदीत आठवडी बाजार बंद पडले, तेव्हा ज्या घरांत हा एकर होता त्यांना भाजीची चणचण भासली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात अतिवृष्टीने सोयाबीनच्या गंजी वाहून गेल्या. दुष्काळासाठी केलेली तयारी पुराच्या दिवसांतही काही प्रमाणात उपयोगी पडली, कारण सगळं एकाच पिकावर लागलेलं नव्हतं.

आणि हे शिकवणार कोण? गावातलीच एक बाई, जिने स्वतःचा एकर आधी करून दाखवलाय. तिचं नाव ठेवलं 'कृषी संवाद सहाय्यक'. वीस वर्षांनी शब्द परत आला. मला हे वाचून बरं वाटलं, जसं घरातलं जुनं भांडं माळ्यावरून काढून पुन्हा घासूनपुसून वापरात यावं.

मानसन्मान झाले. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं 'इक्वेटर' पारितोषिक मिळालं, २०१८ मध्ये प्रेमा गोपालन यांना सामाजिक उद्योजकतेचा राष्ट्रीय सन्मान. तुळजापूर तालुक्यातल्या गोदावरी डांगे यांच्यासारख्या, गावातूनच वर आलेल्या कार्यकर्त्या देशाबाहेरच्या व्यासपीठांवर मराठवाड्याच्या दुष्काळाबद्दल बोलल्या. २०२२ मध्ये प्रेमाताई गेल्या. संस्था त्यांच्या नावावर चालत होती असं बाहेरचे म्हणायचे. गावात मात्र लोकांना त्या बहुधा 'ताई' एवढ्याच ठाऊक होत्या, आणि गावातली ताई म्हणून ओळख दुसऱ्याच कुणाची तरी होती. हे त्यांना आवडलं असतं.

उणीव सांगायची तर सातबाऱ्याची. एकर तिचा, पण सातबाऱ्यावर बहुतेक ठिकाणी नाव अजून त्याचंच. पीकविमा, अनुदान, बँकेचं पीककर्ज हे सगळं सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतं. सरकारच्या लेखी शेतकरी तो, राबणारी ती. नवरा खुशीत असेपर्यंत एकर आहे. जमीन विकायची वेळ आली, भावाभावांत वाटणी झाली की पहिल्यांदा हाच तुकडा जातो. शिवाय एक प्रश्न बायकाच विचारतात. चूल, लेकरं, गुरं, मजुरी, त्यावर गट, त्यावर एकर, मग झोपायचं कधी? त्याचं उत्तर संस्थेने अजून दिलेलं नाही. पुढच्या कामाची सुरुवात या दोन गोष्टींपासून व्हावी, असं इतिहास लिहिणाऱ्याचं स्पष्ट मत आहे.

शेवटी एक विनंती. १९९४ ते १९९८ या काळात ज्यांनी संवाद सहाय्यक म्हणून काम केलं, त्या बायका आज साठी-सत्तरीच्या घरात आहेत. घरांच्या याद्या, हप्त्यांच्या नोंदी, ग्रामसभेला कोण आलं कोण नाही, हे त्यांनी ज्या वह्यांत लिहिलं त्या अजून कुणाच्या तरी ट्रंकेत, कणगीमागे, फडताळात असतील. आई किंवा आजी या कामात होती असं घरात कुणाला आठवत असेल तर तिला विचारा. वही सापडली तर रद्दीत घालू नका. संस्थेच्या कार्यालयात आणून द्या. छायाप्रत काढून मूळ वही तिच्याच हातात परत केली जाईल.